लाल होतो, पेटत नाही

वसुबारसेची रात्र, न्यू जर्सीतलं घर. ट्रेमध्ये नानकटाईचे चोवीस गोळे, प्रत्येकावर पिस्त्याचा काप. ओव्हन ३५० फॅरनहाइटवर लावून वीस मिनिटं झालेली. दार उघडलं तर आतून गार वारा आला.

तळाच्या भोकांतून डोकावलो. इग्नायटर, म्हणजे विजेने तापून गॅस पेटवणारा तुकडा, छान लालभडक. "हा ठीक आहे, गॅसच येत नाहीये," मी जाहीर केलं. बायकोने काही न बोलता वरचे चारही बर्नर पेटवून दाखवले.

तेवढ्यात सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. "अरे, काडी ओढ की! आम्ही तूप, साखर, मैदा डब्यांतून घेऊन बेकरीत जायचो. पत्र्यावर नावाची चिठ्ठी लावायची नि भट्टीपाशी बसून राहायचं. तिथं कधी इग्नायटर गेला नाही बघ."

काडी ओढून उपयोग नव्हता, हे मला तासभर व्हिडिओ बघून कळलं होतं. या ओव्हनमध्ये इग्नायटर आणि गॅसचा व्हॉल्व्ह एकाच तारेत, एकामागे एक. इग्नायटरमधून साधारण ३.२ अँपिअर वीज गेली की व्हॉल्व्हमधली पट्टी तापून वाकते, आणि मगच गॅस सुटतो. इग्नायटर म्हातारा झाला की त्याचा विरोध वाढतो, वीज कमी पडते. तो लाल दिसतो, पण पट्टी काही हलत नाही.

"म्हणजे नुसताच लाल होतो, पुढं काही करत नाही," आई म्हणाली. "तुझे बाबा."

मागून बाबांचा खाकरण्याचा आवाज आला.

मेकॅनिक दिवाळी उलटल्यावर येणार होता. म्हटलं, इग्नायटर आपणच बदलू. घाईघाईत मागवला तो निघाला गोल, आमचा चपटा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, कारण दोघांचे अँपिअर वेगळे आणि व्हॉल्व्ह ठरलेल्या जोडीदाराशीच बोलतो. गोल परत करता आला असता, पण तो ज्याचा बनतो ते सिलिकॉन कार्बाइड पापडासारखं ठिसूळ असतं, हे मी त्याला ओट्यावरून पाडून सिद्ध केलं.

चपटा पाडव्याला आला. प्लग काढला, गॅसची तोटी बंद केली, जाळ्या आणि तळाचा पत्रा बाहेर काढला. इथवर मी स्वतःवर खूश होतो. मग ते दोन स्क्रू. पाव इंची नट ड्रायव्हर लावला, तर पहिला निमूटपणे निघाला. दुसऱ्यात आमच्या आधीच्या भाडेकरूंपासूनचे सगळे केक वितळून गोठले होते. तेल सोडलं, ठोकलं, विनवण्या केल्या. डोकं ओव्हनमध्ये आणि पाय स्वयंपाकघरात, अशा अवस्थेत मी दीड तास होतो. मुलगी शाळेतून आली, माझ्या पायांना "हाय बाबा" म्हणाली आणि पायांवरून उडी मारून फ्रिजकडे गेली.

स्क्रू अखेर निघाला. तारा जोडल्या, त्यांवर चिनी मातीच्या टोप्या फिरवल्या, सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला. तो कुठला, हे मी अजून घरात कुणाला विचारलेलं नाही.

बटण फिरवलं. इग्नायटर आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरा. पन्नासाव्या सेकंदाला भप्प! निळ्या ज्योतींची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली.

"छान," बायको म्हणाली. "आता त्यात भाजायचं काय?"

नानकटाई वसुबारसेच्याच रात्री शेजारच्या गुजराती मावशींच्या ओव्हनमध्ये भाजून झाली होती. ट्रेवर आमच्या नावाची चिठ्ठी लावून बायको घेऊन गेली होती. लक्ष्मीपूजनापर्यंत डबा रिकामा.

मी रिकामा ओव्हन पंधरा मिनिटं तापवला आणि आईला व्हिडिओ कॉलवर ज्योत दाखवली. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"थांब, ठेवू नको," ती म्हणाली. "ह्यांना बोलावते. त्यांनाही बघू दे."