वुलस्टनचा ‘मिश्कीलपणा’ मला पचत नाही

पॅलेडियम या धातूच्या शोधाची गोष्ट बहुतेक वेळा ‘वुलस्टनने इतर रसायनशास्त्रज्ञांची काय फजिती केली बघा’ अशा सुरात सांगितली जाते. मला त्यात हसण्यासारखं फारसं सापडत नाही.

एप्रिल १८०३ मध्ये लंडनमधल्या रसायनशास्त्रज्ञांकडे एक छापील पत्रक पोहोचलं. ‘पॅलेडियम किंवा नवी चांदी’. खाली या धातूचे गुणधर्म आणि विक्रीचा पत्ता, सोहोमधलं फॉर्स्टर यांचं दुकान. नमुने पाच शिलिंगपासून एक गिनीपर्यंत (म्हणजे २१ शिलिंगपर्यंत). शोधणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

नवा धातू असा दुकानात विकायला येतो म्हटल्यावर कुणालाही संशय येणारच. रिचर्ड शेनेव्हिक्स या आयरिश रसायनशास्त्रज्ञाला तो आला. त्याने नमुने विकत घेतले, ढीगभर प्रयोग केले आणि मे महिन्यात रॉयल सोसायटी या लंडनमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे त्याचा निबंध सादर झाला: हा नवा धातू नाहीच, प्लॅटिनम आणि पाऱ्याचा मिश्रधातू आहे. त्याच वर्षी सोसायटीने त्याला कोप्ली पदक हा आपला मानाचा पुरस्कारही दिला!

खरा शोधकर्ता त्याच सोसायटीचा फेलो, म्हणजे सदस्य होता. विल्यम हाइड वुलस्टन. डॉक्टरकी सोडून त्याने स्मिथसन टेनंट या रसायनशास्त्रज्ञाबरोबर भागीदारीत प्लॅटिनमचा धंदा सुरू केला होता. १८०० च्या डिसेंबरमध्ये दोघांनी जवळपास ६,००० औंस कच्चं प्लॅटिनम घेऊन ठेवलं होतं. ते आम्लराजात (दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात) विरघळवायचं, नवसागर घालून प्लॅटिनमचा साका खाली बसवायचा. उरलेल्या द्रावणात १८०२ मध्ये त्याला पॅलेडियम सापडलं. त्याच्या आदल्याच वर्षात... नाही, त्याच वर्षी सापडलेल्या पॅलस या लघुग्रहावरून त्याने हे नाव दिलं.

आता, नाव का लपवलं हे मला समजतं. पॅलेडियम कुठून काढलं हे सांगितलं असतं तर प्लॅटिनम शुद्ध करण्याची रीत उघडी पडली असती आणि धंदा बसला असता. पोटापाण्याचा प्रश्न आहे, ठीक.

पण शेनेव्हिक्स चुकतोय हे माहीत असताना वुलस्टनने काय केलं? वर्षाच्या शेवटी पुन्हा निनावी जाहिरात: तीन रसायनशास्त्रज्ञांसमोर २० ग्रेन (जेमतेम सव्वा ग्रॅम) पॅलेडियम बनवून दाखवा, २० पौंड घेऊन जा. युक्ती म्हणून ही अफलातून आहे, कारण मिश्रधातूचा दावा खरा असेल तर कुणीही करून दाखवू शकतं. कुणालाच जमलं नाही. पण एका माणसाला भर चौकात तोंडघशी पाडायची गरज होती का?

शेनेव्हिक्सला मी निर्दोष ठरवत नाही. आपले बहुतेक प्रयत्न फसले हे त्याने स्वतःच लिहिलं होतं, तरी निष्कर्ष सोडला नाही. फसवणूक आहे हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं, असं माझं मत. पण तो जे काही बोलला ते स्वतःच्या नावानिशी बोलला.

सगळ्यात खटकतं ते पुढचं. १८०४ मध्ये वुलस्टनने त्याच कच्च्या प्लॅटिनममधून ऱ्होडियम हा आणखी एक धातू शोधला आणि तो रीतसर स्वतःच्या नावावर जाहीर केला. पॅलेडियमही याच खनिजात असतं, हेही त्या निबंधात सांगितलं. फक्त ‘ते पत्रक माझं’ एवढंच म्हणायला १८०५ उजाडलं. आणि प्लॅटिनमची रीत? ती १८२८ मध्ये, मरणाच्या दारात असताना.