एका पानासाठी अख्खा खंड : ग्राहकाच्या अभिप्रायास उत्तर

महोदय,
स. न. वि. वि.

रविवार कारंजाजवळील आमच्या दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे : माइटनर आणि फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांचा युरेनियमच्या विखंडनावरील, म्हणजे त्याचे अणुकेंद्रक दुभंगण्यावरील, १९३९ सालचा मूळ लेख आपल्याला फ्रेम करून लावायचा होता, आम्ही एका पानासाठी अख्खा खंड गळ्यात मारायला निघालो आणि पान कापून देण्यास साफ नकार दिला, खंडाला मूळ मुखपृष्ठे नाहीत, वर ग्रंथालयाचा शिक्का आहे, म्हणजे माल संशयास्पद, शिवाय खरा शोध जर्मन नियतकालिकात आधीच छापून आला होता, तेव्हा सांगितलेली किंमत अवाच्या सवा आहे. आपला अभिप्राय इतर संग्राहकही वाचणार असल्यामुळे येथेच उत्तर देत आहे.

हा खंड म्हणजे ‘नेचर’ या साप्ताहिकाचा १४३ वा खंड, जानेवारी ते जून १९३९. आपल्याला हवा असलेला लेख त्यात पत्राच्या रूपात छापला आहे. ते पत्र ११ फेब्रुवारीच्या अंकात पृष्ठ २३९ वर सुरू होते आणि २४० वर संपते, म्हणजे एकाच पानाच्या दोन बाजूंवर मावते. ते ब्लेडने अलगद काढता येईल, असे आपण दुकानात म्हणालात. मात्र हा खंड घडीतून शिवलेला आहे. अशा बांधणीत फर्म्यातले, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुडीतले, प्रत्येक पान घडीपलीकडच्या दुसऱ्या पानाशी अखंड असते. एक कापले की त्याचे जोडपान दोऱ्यातून निसटते आणि पुढे सगळा फर्माच ढिला पडतो. बाइंडरकडे नेऊन डिंकाने चिकटवता येते, पण मग तो खंड जाणत्या ग्राहकापुढे ठेवण्याच्या लायकीचा राहत नाही.

बांधणीपेक्षाही मोठे कारण खंडाच्या मजकुरात आहे, आणि आपण थोडा वेळ बसला असतात तर ते मी पाने उलटून दाखवणारच होतो. माइटनर तेव्हा स्टॉकहोममध्ये होत्या आणि फ्रिश कोपनहेगनमध्ये. न्यूट्रॉनचा आघात झाल्यावर युरेनियमचे केंद्रक द्रवाच्या थेंबासारखे ताणले जाऊन दुभंगते आणि त्यातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते, हे त्यांनी त्या पत्रात मांडले. पुढच्याच आठवड्याच्या अंकात, पृष्ठ २७६ वर, फ्रिश यांनी त्याचा प्रायोगिक पुरावा दिला. २५ फेब्रुवारीच्या अंकात याच विषयावर भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे पत्र आहे. १८ मार्चच्या अंकात पृष्ठ ४७० वर हाल्बन, जोलिओ आणि कोवार्स्की हे पॅरिसचे त्रिकूट विखंडनात नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात असे कळवते, आणि त्याला लागूनच ४७१ वर माइटनर-फ्रिश यांचे आणखी एक पत्र येते. २२ एप्रिलला हेच पॅरिसचे त्रिकूट दर विखंडनामागे सरासरी साडेतीन न्यूट्रॉन निघतात असा आकडा देते. तो आकडा पुढे कमी करावा लागला, पण साखळी प्रक्रिया, म्हणजे एका विखंडनातल्या न्यूट्रॉनांनी पुढची विखंडने घडवणे, शक्य आहे ही गोष्ट तिथे उघड्यावर आली होती. फेब्रुवारी ते एप्रिल हा सारा प्रवास एकाच पुठ्ठ्यात सलग वाचता येतो, आणि आमची किंमत त्या सलगतेची आहे. जुन्या दिवाळी अंकातली तेवढी एकच कथा फाडून मागणारे ग्राहकही आमच्याकडे येतात. त्यांनाही आम्ही हेच उत्तर देतो.

मुखपृष्ठांबद्दल. साप्ताहिके खंडात बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची ग्रंथालयांची जुनी रीत होती. म्हणून खंड नकली ठरत नाही. मुखपृष्ठासह सुटा अंक, लेखकाला वाटण्यासाठी स्वतंत्र छापून मिळणारी ऑफप्रिंट आणि बांधीव खंड या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे भावही वेगळे असतात. खंडासोबतच्या चिठ्ठीवर ‘बांधीव, मुखपृष्ठांविना’ असे आम्ही स्वच्छ लिहिलेले आहे.

शिक्क्याबाबतचा संशय मात्र मला झोंबला. आतल्या पानावर ग्रंथालयाच्या शिक्क्याशेजारीच निर्लेखित केल्याचा, म्हणजे ग्रंथालयाने खंड आपल्या नोंदीतून काढून टाकल्याचा, दुसरा शिक्का आहे आणि विक्रीची पावती आमच्याकडे आहे. दोन्ही आपल्याला दाखवली होती. ज्या खंडावर फक्त पहिला शिक्का असतो, तो कितीही दुर्मीळ असला तरी आम्ही उंबऱ्याच्या आत घेत नाही.

जर्मन लेखाविषयी आपली माहिती बरोबर आहे. हान आणि स्ट्रासमन या रसायनशास्त्रज्ञांचा लेख ६ जानेवारी १९३९ रोजी ‘नातुरविसेनशाफ्टन’मध्ये आला. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम सापडते, हा रसायनशास्त्राचा पुरावा त्यात आहे. पण असे का घडते याचे भौतिकशास्त्रीय स्पष्टीकरण आपण मागितलेल्या पत्रात आहे. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले, त्यामुळे पुष्कळांना ‘नेचर’मधला लेख दुय्यम वाटतो. मला वाटत नाही. संग्रहात दोन्ही असावेत, आणि एकच परवडत असेल तर मी ‘नेचर’चा घेईन.

हा मजकूर इंटरनेटवर वाचायला मिळतो, हेही आपण लिहिले आहे. खरे आहे, आणि केवळ वाचायचा असेल तर विकत घेऊच नये, असे मी स्वतः ग्राहकांना सांगतो. भिंतीसाठी तर हुबेहूब छापलेली प्रतच योग्य. मूळ कागद सतत उजेडात राहिला की पिवळा पडून ठिसूळ होतो. तशी प्रत आम्ही याच खंडावरून, तो उशीवर अर्धवट उघडून, छायाचित्र घेऊन करून देऊ शकतो; आपल्याकडून फक्त छपाईचा खर्च घेऊ. ११ फेब्रुवारीचा सुटा अंक मुखपृष्ठासह कधी हाती आला, तर आपल्याला आधी कळवू. त्याची किंमत मात्र या खंडाहून कमी असेलच, असे आज सांगता येणार नाही.

आपला विश्वासू,
दुकानाचा मालक, नाशिक