मैत्रीचा निकाल लावू नका

सचिन आणि विनोद कांबळीच्या भेटीचा तो व्हिडिओ अजून अधूनमधून कुणीतरी फॉरवर्ड करतं. खाली ओळ ठरलेली: नुसती प्रतिभा असून भागत नाही, शिस्त लागते. लोक तो मुलांना दाखवून उपदेश करतात. मला याचा मनापासून राग येतो.

३ डिसेंबर २०२४, दोघांचे क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सर यांची जयंती. शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचं अनावरण होतं. कांबळी मंचावर बसलेला होता. सचिन स्वतःहून त्याच्याजवळ गेला. कांबळीने त्याचा हात धरला आणि सोडेचना. लहानपणीचे दोन मित्र भेटत होते, आणि आपण बघत काय बसलो? कोण कुठे पोहोचला आणि कोण मागे राहिला.

मला त्या हातात १९८८ चा फेब्रुवारी दिसतो. आझाद मैदान, हॅरिस शील्ड ही शालेय क्रिकेट स्पर्धा, या दोघांची शाळा शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. ६६४ धावांची अभेद्य भागीदारी. एक १४ वर्षांचा, दुसरा १६ चा. डाव घोषित करा म्हणून बाहेरून खुणा चालल्या होत्या आणि ही पोरं मुद्दाम तिकडे बघत नव्हती. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. हो, जास्त धावा विनोदच्या होत्या.

पुढे १९९३ मध्ये त्याने लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकली: वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७. एकूण कसोटी १७, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय २३. असं का झालं? फॉर्म, निवड, स्वभाव, प्रकृती, नशीब... एका वाक्यात उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्याच्या चुका झाल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. पण मित्राचा हात धरल्याच्या क्षणी त्या मोजायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि हेच आपण आपल्या शाळेच्या बॅचच्या गेट-टुगेदरमध्ये करतो. बॅनर, एका रंगाच्या साड्या, सरांचा सत्कार, सगळं छान. मग माइक फिरतो: नाव सांगा, सध्या काय करता, कुठे असता, मुलं काय करतात. ज्याची जमीन गेली, जिचा नवरा गेला, जो गावातच रिक्षा चालवतो, तो माइक जवळ यायला लागला की फोन आल्यासारखं करून बाहेर जातो. मी हे पाहिलंय. आमच्या वर्गात गणितात पहिली येणारी मुलगी आज अंगणवाडीत मदतनीस आहे. गेल्या वेळी रिसॉर्टची वर्गणी जाहीर झाली आणि तिचा ‘जमणार नाही गं’ असा मेसेज आला. कुणी पुढे विचारलंही नाही. तिच्या वहीतून गणितं उतरवून पास झालेल्यांनीसुद्धा नाही.

दिवाळीनंतर आपली बॅच पुन्हा जमतेय. माझं स्पष्ट म्हणणं आहे: रिसॉर्ट नको, शाळेचं मैदान मागू. जेवण गावातच सांगू. माइकवरचा परिचय बंद. वर्गणी ज्याला जमेल तेवढी, आणि कुणी किती दिली ती यादी ग्रुपवर टाकायची नाही. ‘जमणार नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आपल्यातल्या कुणीतरी जाऊन यायचं. गणितवालीकडे मी जाते. बाकीची नावं वाटून घ्या.