जास्त हवा, जास्त ठोके, जास्त पाणी: सायकलस्वारांच्या सहा लाडक्या नियमांचा प्रतिवाद

सायकल जरा गांभीर्याने चालवायला लागलं की कुणीतरी नियमांची एक यादी हाती ठेवतं. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. टायर बाजूवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत भरा. केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, ९०च्या खाली जाऊ देऊ नका. २२० वजा वय, या आकड्याच्या ८५ टक्के इतक्या हृदयाच्या ठोक्यांवर रोज तासभर चालवा. पाय दुखले तर साठलेलं लॅक्टिक ॲसिड दुसऱ्या दिवशी जोर लावून जिरवा. चरबी जाळायची तर उपाशीपोटी लांब जा. आणि तहान असो वा नसो, तासाला लिटरभर पाणी प्या.

या सगळ्यांत थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते इतके टिकलेत. पण खोड सगळ्यांची एकच: एखादा आकडा वाढवला की फायदा होतो एवढं सांगायचं आणि तो कुठे थांबवायचा हे सांगायचंच नाही. शिवाय थांबण्याची जागा माणसागणिक आणि सायकलीगणिक बदलते.

‘टायर जितका कडक, तितका वेग’

गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवून मोजलं तर हे खरं ठरतं. दाब वाढला की टायर कमी दबतो आणि रबराच्या दबण्या-उसळण्यात वाया जाणारी ऊर्जा घटते. रस्ता मात्र ड्रम नसतो. खडबडीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि स्वार दोघांनाही वर उडवतो. ती ऊर्जा स्वाराच्या अंगात थरथर होऊन जिरते, पुढे जायच्या कामी येत नाही. म्हणजे एका ठरावीक दाबापर्यंत फायदा आणि त्यापुढे तोटा. रस्ता जितका खराब, तितका हा बिंदू खाली. व्यावसायिक संघ २३ मिमीच्या टायरवरून आधी २५, मग २८ आणि आता त्याहून रुंद टायरवर आले, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

बाजूवर छापलेला आकडा ही टायरची मर्यादा असते, शिफारस नव्हे. स्वार, सायकल, बाटल्या असं सगळं मिळून ८० किलो भरत असेल आणि आत ट्यूब असेल तर सुरुवात साधारण अशी करा: २५ मिमीला मागे ८५ पीएसआय, २८ मिमीला ७०, ३२ मिमीला ५७. पुढच्या चाकात ३ ते ५ पीएसआय कमी, कारण तिथे भार कमी येतो. एकूण वजनात ५ किलोंचा फरक असेल तर ३-४ पीएसआय वरखाली करा. मग नेहमीच्या रस्त्याच्या एकाच तुकड्यावर दर फेरीला ३ पीएसआय कमी करत जा. वळणावर टायर लचकल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिम आपटली, की ३-५ पीएसआय परत भरा आणि तो आकडा लिहून ठेवा. पंप मात्र तोच हवा. दोन पंपांच्या काट्यांत ५ पीएसआयचा फरक सहज निघतो.

दाब फार उतरला तर काय होतं हे पंक्चर सांगतं. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली, तर ती काट्याखिळ्याची नाहीत. रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात ट्यूब चिमटली गेली आहे. आणि रिम हुकलेस (आतल्या कडेला टायर अडकवणारा ओठ नसलेली) असेल तर वरची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. त्यापुढे प्रश्न वेगाचा राहत नाही, टायर रिमवरून निसटण्याचा होतो. रिमवर किंवा टायरवर याहून कमी आकडा छापला असेल तर तो कमी आकडा पाळायचा.

‘केडन्स ९०च्या खाली नको’

सहांपैकी सर्वांत जास्त नुकसान करणारा नियम हाच, कारण तो शास्त्रीय वाटतो.

पॉवर म्हणजे पेडलवरचा जोर गुणिले फिरण्याची गती. २०० वॅट काढायचे आहेत आणि क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिमीचा आहे असं धरू. ९० फेऱ्यांना पेडलवर सरासरी साडेबारा किलोंच्या आसपास जोर पडतो, ६० फेऱ्यांना १९ किलो. जास्त केडन्सने मांड्यांवरचा भार हलका होतो हे बरोबरच आहे. पण पाय नुसते फिरवायलाही ऊर्जा लागते आणि ती हृदय व फुप्फुसांकडून वसूल होते. कमी पॉवरला ६० ते ७० फेऱ्या जास्त किफायतशीर पडतात. पॉवर वाढते तसा सोयीचा केडन्सही वर सरकतो. ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्सने २०१५ साली लंडनमध्ये तासाभरात ५४.५२६ किमीचा विक्रम केला, तेव्हा ५८×१४ या एकाच गिअरवर त्याचे पाय मिनिटाला सुमारे १०५ वेळा फिरत होते. तासभर चारशेहून जास्त वॅट काढणाऱ्याचा केडन्स १५० वॅटवाल्याने उसना घेण्यात काहीच अर्थ नाही.

चढावर तर गणितच बसत नाही. एकूण वजन ८० किलो, चढ ८ टक्के, पुढच्या चकतीला ३४ दात, मागे सर्वांत मोठी चकती २८ची. या गिअरवर ९० फेऱ्या म्हणजे ताशी पावणेचौदा किमी आणि त्यासाठी लागतात सुमारे २७५ वॅट. बहुतेक हौशी स्वार एवढे वॅट अर्धा तास काढू शकत नाहीत. मग पहिल्या पाच मिनिटांत नियम पाळला जातो आणि उरलेला चढ ४५ फेऱ्यांवर, गुडघ्यांना रडवत पार पडतो. मागे ३४ दातांची चकती असेल तर ७५ फेऱ्यांना साधारण १८५ वॅट पुरतात. इथे कमी पडते ती इच्छाशक्ती नव्हे, कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच.

कॅसेट बदलताना दोन गोष्टी आधी पाहा. मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात पेलतो का, हे त्याच्या मॉडेलच्या माहितीत दिलेलं असतं. लांब पिंजऱ्याचा डिरेल्युअर लागण्याची शक्यता बरीच असते. दुसरी गोष्ट चेन. २८वरून ३४वर जाताना ती साधारण चार कड्यांनी लांब लागते. जुनीच चेन ठेवली आणि चुकून पुढची मोठी, मागची मोठी असा गिअर पडला, तर चेन ताणून डिरेल्युअर हँगरसकट (तो फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यासकट) उखडू शकते.

सपाटीवर ८० ते ९५ आणि चढावर ७० ते ८५ यांत जे सहज जमतं ते ठेवा. केडन्स वाढवायचाच असेल तर तो कौशल्य म्हणून वाढवा: हलक्या गिअरवर १००-११० फेऱ्यांचे एकेक मिनिटाचे पाच तुकडे, आठवड्यातून दोनदा. सॅडलवर उसळायला लागलात की तुमची आजची मर्यादा तीच. कमी फेऱ्यांनाही उसळत असाल किंवा कंबर डावी-उजवी डोलत असेल तर सॅडल उंच आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने पेडल मारताना तो २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो.

‘२२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के, रोज’

यात दोन चुका एकमेकींवर रचल्या आहेत.

पहिली चूक सूत्राची. ते कमाल ठोक्यांची लोकसंख्येतली सरासरी सांगतं आणि व्यक्तिगणिक १०-१२ ठोक्यांचा फरक त्यात अगदी सामान्य आहे. चाळिशीच्या दोघांना ते १८० सांगेल, पण एकाचे कमाल ठोके १६५ असतील आणि दुसऱ्याचे १९५. दोघेही १५३ ठोक्यांवर चालवायला निघाले की पहिला आपल्या कमाल मर्यादेच्या ९३ टक्क्यांवर धापा टाकतो आणि दुसरा ७८ टक्क्यांवर गप्पा मारतो. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं २०८ वजा ०.७ गुणिले वय हे सूत्र साठीच्या पुढे बरं उतरतं, पण व्यक्तीव्यक्तीतला फरक तेही पुसू शकत नाही. त्यात भर म्हणजे सायकलवर कमाल ठोके धावण्यापेक्षा बहुधा ५-१० कमीच मिळतात.

सूत्र सोडा, मोजा. वीस मिनिटं अंग तापवा, त्यात एकेक मिनिटाचे तीन जोरकस तुकडे घ्या. मग सिग्नल नसलेल्या रस्त्यावर किंवा ट्रेनरवर (घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या यंत्रावर) ३० मिनिटं एकट्याने, शेवटपर्यंत टिकेल असा पूर्ण जोर लावा. दहाव्या मिनिटाला लॅपचं बटण दाबा. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हे तुमचे थ्रेशोल्डचे, म्हणजे जेमतेम दीर्घकाळ टिकणाऱ्या जोराचे ठोके. ते १६५ आले तर हलकी राइड १४०च्या आत ठेवायची. ठोके मोजायला पट्टा छातीचा हवा. हँडलच्या थरथरीत मनगटावरचं घड्याळ भलतेच आकडे दाखवतं. हृदयविकाराचा इतिहास असेल, छातीत दुखत असेल किंवा वर्षानुवर्षांनी व्यायाम सुरू होत असेल, तर ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दुसरी चूक ‘रोज’ या शब्दात आहे. रोजचा तो मध्यम-कठीण तास हलक्या राइडइतका हलका नसतो आणि इंटरव्हलइतका (मध्ये विश्रांती घेत केलेल्या जोरकस तुकड्यांइतका) कठीणही नसतो. थकवा मात्र भरपूर देतो. पहिले दोन महिने प्रगती दिसते, मग आकडे जागीच थिजतात. नेमकं तेव्हाच स्वार आणखी जोर लावायला जातो. आठवड्याला सहा-सात तास मिळत असतील तर कठीण दिवस दोनच, बाकी सगळं पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या संथ गतीने. कठीण दिवशी ८ मिनिटांचे चार तुकडे, एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल पॉवरच्या) १०० ते १०५ टक्क्यांवर, मध्ये ३-४ मिनिटं हलकं पेडलिंग. चौथ्या तुकड्यात पॉवर पहिल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घसरली तर पहिला तुकडा जास्त जोरात झाला. दुसऱ्याच तुकड्यात घसरली तर त्या दिवशी घरी जावं. तीस सेकंदांच्या तुकड्यांत ठोक्यांकडे बघूच नका. हृदय जागं होईपर्यंत तुकडा संपलेला असतो.

शर्यतीपूर्वीचे दोन आठवडेही याच हव्यासात वाया जातात. त्या काळात एकूण वेळ ४० ते ६० टक्क्यांनी कमी करायचा असतो आणि तीव्रता तशीच ठेवायची असते. बरेच जण नेमकं उलटं करतात.

‘लॅक्टिक ॲसिड जिरवा’

जिरवायला काही उरलेलंच नसतं. कठीण राइडनंतर नुसतं बसून राहिलात तरी रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. शिवाय ते विष नाही. हृदय आणि शेजारचे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. २४ ते ७२ तासांनी जाणवणारं दुखणं स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजेचं आणि त्याभोवतीच्या दाहाचं असतं. त्यावर दुसऱ्या दिवशी जोर लावणं म्हणजे इजेवर इजा. अर्धा-पाऊण तास अगदी हलकं चालवलं तर बरं वाटतं, तेवढंच.

‘उपाशीपोटी लांब जा’

उपाशी चालवताना चरबी जास्त वापरली जाते, हे खरं. पण वजन ठरतं ते दिवसा-आठवड्याच्या एकूण हिशेबावर. १५० वॅट सरासरीने दोन तास चालवलं की सुमारे १,०८० किलोजूल काम होतं, आणि शरीराची कार्यक्षमता धरता तेवढ्याच किलोकॅलरी खर्च होतात. भुकेने कळवळून आलेला स्वार त्या तासाभरात परत भरून काढतो. वर पॉवर पडल्यामुळे मुळातला खर्चही कमी झालेला असतो.

सकाळी तासभर हलकं, रिकाम्या पोटी चालवायला बहुतेकांना हरकत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये. दीड तासापुढे किंवा इंटरव्हल असतील तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम साधी साखर आणि दीड ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमचा, मीठ घातलं की काम होतं. अडीच तासांपुढे तासाला ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण एकट्या ग्लुकोजने नाही. आतड्यातून ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषलं जातं आणि फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. म्हणून ६० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिनला (ग्लुकोजच्याच साखळ्यांना) ३० ग्रॅम फ्रुक्टोजची जोड. एकदम ९०वर उडी मारली तर पोट बिघडतं. दर आठवड्याला तासामागे १० ग्रॅम वाढवत न्या. पहिला घोट विसाव्या मिनिटाला घ्या, डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर नव्हे.

महिनोन्‌महिने कमी खाऊन जास्त चालवण्याची किंमत वेगळीच असते: पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, हाडं ठिसूळ होणं, सतत आजारपण. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती पुरुषांमध्येही होते हे स्पष्ट केलं.

‘तासाला लिटरभर पाणी’

तुमचा घाम किती जातो हे एका वजनकाट्यावर कळतं. राइडच्या आधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. दोन तासांत ७०.० किलोचे ६८.८ झाले आणि मध्ये १ लिटर प्यायलात, तर गेले २.२ लिटर, म्हणजे तासाला १.१ लिटर. हे सगळंच भरून काढायची गरज नसते. वजनाच्या २ टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना चालते. तीन तासांच्या राइडला हा माणूस ३.३ लिटर गमावेल. त्यातले १.४ (७० किलोंचे २ टक्के) वजा केले तर प्यायचे १.९ लिटर, तासाला साधारण ६५० मिली. काटा हवामानागणिक वेगळं सांगतो, म्हणून थंडीत आणि उन्हाळ्यात वेगवेगळं मोजा.

आता लहान चणीचा, संथ चालवणारा स्वार घ्या. थंड दिवस, घाम तासाला ४०० मिली. त्याने पाच तास नियम पाळला तर तीन लिटर पाणी जास्तीचं पोटात जातं. श्रमाच्या वेळी शरीर लघवी रोखून धरतं, त्यामुळे ते बाहेरही पडत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यात १३ टक्के जणांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली निघालं, आणि ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं होतं त्यांना हा धोका जास्त होता. डोकेदुखी, मळमळ, बोटातली अंगठी घट्ट होणं, बोलण्यात असंबद्धपणा ही लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. म्हणून सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात, आणि तिथेच घात होतो. लांब राइडनंतर काटा सुरुवातीपेक्षा वर असेल आणि सोबत डोकं दुखत असेल, तर पाणी बंद आणि थेट दवाखाना.