स्वतःच्याच आयडीवरून मेल आला म्हणून खातं डिलीट करू नका

"तुमच्याच ईमेल आयडीवरून तुम्हाला मेल आला तर समजा मोबाइल हॅक झाला. मेल उघडताच बँक खाते रिकामे होते. ताबडतोब जीमेल खाते डिलीट करा. सायबर सेलची सूचना, सर्व ग्रुपवर पाठवा." हा फॉरवर्ड मावशीकडे पोचला आणि ती खरंच खातं डिलीट करायला बसली. म्हणून हा खटाटोप.

पहिलाच दावा सगळ्यात खुळचट. मेलवर दिसणारा पाठवणाऱ्याचा पत्ता हा पाठवणाऱ्यानेच टाकलेला असतो. पाकिटावर प्रेषक म्हणून कुणी तुमचं नाव खरडलं, तर तो तुमच्या घरात शिरला असं होतं का? मेलची ने-आण ज्या एसएमटीपी नावाच्या नियमांवर चालते ते १९८२ सालचे, आणि त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती. ही माझ्या पदरची माहिती नाही. त्याच नियमांची २००८ची आवृत्ती, आरएफसी ५३२१ नावाचा दस्तऐवज, सुरक्षेच्या प्रकरणात सरळ कबूल करते की, मेल भलत्याच कुणाकडून आल्याचं भासवणं साध्यासुध्या माणसालाही जमू शकतं. स्पूफिंग म्हणतात ते हेच.

मावशीचा मेल नेहमीचाच: 'तुझा व्हिडिओ काढलाय, बिटकॉइन पाठव.' कॉम्प्युटरवर जीमेल उघडून मेलच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' केलं. वरच्या तक्त्यातच लिहिलेलं, डीमार्क (दिसणारा पत्ता खरा का, याची तपासणी): फेल. म्हणजे दिसणारा पत्ता जीमेलचा, पण मेल जीमेलकडून निघाल्याचा पुरावा नाही. मेल पडला होता स्पॅममध्ये, तिने तिथून उकरून काढला!

आता तो 'डिलीट करा'चा सल्ला. बँक, आयकर पोर्टल, फोटो, सगळं त्याच आयडीला जोडलेलं. खातं उडवलं की पासवर्ड रीसेट करायची वाटही गेली. चोराला तुमचं खातं लागतच नव्हतं, त्यामुळे त्याचं काहीच बिघडत नाही. नुकसान फक्त तुमचं.

मेल नुसता वाचून बँक खातं रिकामं होत नाही. लिंकवर जाऊन पासवर्ड-ओटीपी दिलात, तर होईल.

एक मात्र नाइलाजाने मान्य: क्वचित मेलच्या खात्यात खरंच कुणीतरी शिरलेलं असतं. 'सेंट'मध्ये अनोळखी मेल आहेत का, लॉगिनच्या यादीत परका फोन आहे का, फॉरवर्डिंगला कुणाचा पत्ता घातलाय का, पाहा. धमकीत तुमचा जुना पासवर्ड असेल, तर तो बहुधा कुठल्यातरी वेबसाइटच्या डेटागळतीतला. अजून कुठे वापरत असाल तर बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) चालू करा. आणि डीमार्क 'पास' म्हणून हुरळू नका. एखादं अक्षर फिरवून घेतलेलं नकली डोमेनही (पत्त्यातला @ नंतरचा भाग) पास होतं.

राहिली 'सायबर सेलची सूचना'. कुठल्या शहराचा सेल, तारीख काय, पत्ता नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ग्रुपवर नंतर पाठवा.