सुट्या डॉग फूडला मागची बाजू नसते

गेल्या जुलैत आमच्या कुत्र्याचं, लाडूचं, पोट बिघडलं. तीन दिवस जुलाब, चौथ्या दिवशी पोटात पाणीसुद्धा ठरेना. सलाईन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?" मी म्हटलं, दुकानातून सुटं डॉग फूड आणते, किलोवर. "त्यात काय काय असतं? कधीचं आहे? एक्स्पायरी?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. पाच वर्षं जो जीव माझ्या पायाशी झोपतो, त्याच्या भांड्यात मी काय वाढते ते मला माहीत नव्हतं. ते अजून टोचतं.

पोट त्या दाण्यांनीच बिघडलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. पण चिपळूणच्या पावसात उघडं पडलेलं वीस किलोचं पोतं डोळ्यांपुढे आणा. या खाण्यात पाणी जेमतेम 10 टक्के असतं, म्हणून तर ते टिकतं. तोंड उघडं राहिलं की दाणे ओल धरतात. दाणे भाजून झाल्यावर वरून चरबी फवारलेली असते, ती हवा लागून खवट होते. त्यातल्या मक्यावर बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते थेट यकृतावर जातं आणि शिजवूनही नीट नष्ट होत नाही.

तेव्हापासून मी बंद पाकीटच घेते, आणि आधी उलटं करून वाचते. पुढच्या बाजूला चिकनची तंगडी, गाजर, चमकदार केसांचा कुत्रा असतो. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि वजन धरतात ते शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे ते यादीत पहिलं दिसलं तरी वाळल्यावर बरंच खाली घसरतं. 'चिकन मील', म्हणजे वाळवून दळलेलं चिकन, वाचून लोक नाक मुरडतात, पण त्यातलं पाणी आधीच काढलेलं असतं, म्हणून त्यात प्रोटीन दाटून असतं. मला ते यादीत वर दिसलं तर बरंच वाटतं. मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचा कोंडा अशी एकाच धान्याची तीन नावं वेगवेगळी छापलेली असतील तर मनात त्यांची बेरीज करा. बेरीज पहिल्या नंबरावर जाते का बघा.

प्रोटीनचा आकडा वयाप्रमाणे बघायचा. अमेरिकेतल्या 'आफको' या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचे निकष पुष्कळ कंपन्या पाळतात. पाणी वजा करून मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के, वाढत्या पिल्लाला 22.5. मोठ्या जातीच्या पिल्लाला मात्र लार्ज ब्रीड पपीचंच खाणं द्या, आणि वरून कॅल्शियमचं सिरप पाजू नका. जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची हाडं वेडीवाकडी वाढतात. हे मी शेजारच्यांना हात जोडून सांगते.

'ग्रेन फ्री'साठी दुप्पट पैसे मोजणाऱ्यांनी जरा थांबावं. 2018 साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, अशा खाण्याचा, विशेषतः वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या खाण्याचा, हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का हे तपासायला घेतलं. ठाम निष्कर्ष निघालेला नाही. पण मग धान्य टाळायचं कशासाठी? कुत्र्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे 2013 मध्येच दाखवून झालंय. आपली गावठी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगली ती उगीच नाही. नुसत्या दहीभातावर मात्र सगळं पोषण मिळत नाही, तेही खरं.

किती द्यायचं? लाडू 18 किलोचा, नसबंदी झालेला. हिशेबाने त्याला दिवसाला साधारण 980 कॅलरी लागतात. आमच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 350 कॅलरी लिहिल्यात, म्हणजे 280 ग्रॅम. सुटं देताना मी अंदाजाने वाटीभर ओतायची. आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. नवं खाणं सुरू करताना आठवडा-दहा दिवस जुन्यात मिसळत न्यायचं, एकदम बदलायचं नाही.

पाकीट मी डब्यात रिकामं करत नाही, पाकिटासकटच डब्यात ठेवते. तारीख आणि बॅच नंबर हाताशी राहतात, आणि डब्याच्या तळाशी जुनी चरबी साचत नाही.

ज्यांना महागाईपायी सुटंच आणावं लागतं, त्यांनी दुकानदाराकडे पोतं मागून बघावं. मागच्या बाजूचा आणि तारखेचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पोतं कधी उघडलं तेही विचारा, आणि दाणे नाकाशी धरून वास घ्या. जुन्या तेलासारखा वास आला तर घेऊ नका.