'नशिबाचा पोरखेळ' म्हणणाऱ्या निनावी वाचकास

नमस्कार.

'बोत्स्वाना' या पत्त्यांच्या खेळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की पत्त्यांची संख्या चुकली आहे, जंगली प्राण्यांच्या सफारीची सजावट नुसती वरून डकवली आहे, किंमत अवाच्या सवा आहे आणि 'हा निव्वळ नशिबाचा पोरखेळ रिकामटेकड्यांनी डोक्यावर घेतलाय'.

संख्या चुकली, मान्य. पत्ते 30 आहेत, पाच प्राण्यांचे 0 ते 5 असे सहा-सहा. मी लिहिलेला 25 हा आकडा प्लास्टिकच्या प्राण्यांचा. दुरुस्ती केली आहे. पण तेवढ्यासाठी 'आधी मोजायला शिका' हे कशाला?

आणि रिकामटेकडे कोण हो? माझे वडील इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे, आम्हां भावंडांना घेऊन बदाम सातचा एक डाव मांडायचे आणि मगच आडवे व्हायचे. मी सहाव्या वर्षापासून पत्ते खेळतेय. नशीब कुठे संपतं आणि डोकं कुठे सुरू होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

तुम्ही हा खेळ खेळला आहात का, हाच मला प्रश्न आहे. पाळी आली की एक पान टाकायचं आणि हवा तो प्राणी उचलायचा. एखाद्या प्राण्याचं सहावं पान पडलं की डाव संपला. ज्या प्राण्याचं शेवटचं पान जितक्याचं, तितका त्या प्राण्याचा भाव, आणि तुम्ही उचललेल्या तशा प्रत्येक प्राण्यामागे तितके गुण. म्हणजे भाव तुम्हीच चढवायचा, तुम्हीच पाडायचा. यात नशीब फक्त पानं वाटताना.

गेल्या रविवारी आम्ही तिघं बसलो होतो. गेंड्याची चार पानं पडली होती. पाचवं मी टाकलं, पाचाचं, आणि चौथा गेंडा उचलला. वीस गुण पक्के, असं धरून चालले होते. आईने शांतपणे गेंड्याचा शून्य टाकला. डाव खलास, माझे चारही गेंडे फुकट. तो शून्य तिने पहिल्यापासून दाबून ठेवला होता, मेंढीकोटात हुकमाचं पान दाबतात तसा. वर म्हणाली, "शून्य कुणाकडे, हे बघितलंस का?" बघायला हवं होतं. पडलेली पानं मोजली असती तर कळलंच असतं. याला तुम्ही नशीब म्हणता?

खेळाचे रचनाकार रायनर क्निझिया गणितातले डॉक्टरेट आहेत, एवढं तरी बघून लिहायचं होतं.

सफारीचं म्हणाल तर हाच खेळ 1994 साली 'फ्लिंके पिंके' नावाने आला तेव्हा त्यात सफारी नव्हती. मग काय बिघडलं? माझ्या भाचीला गेंडा हातात धरायला आवडतो. किंमत परवडत नसेल तर घेऊ नका.

यापुढे निनावी प्रतिक्रियांना उत्तर देणार नाही. नाव लिहून या, मग बोलू.